शॉकअपची स्प्रिंग नेमकी कुणाच्या वजनाची?

चतुर्थी आटोपली की आमच्याकडे शॉकअपची (गाडीचे धक्के सोसणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरची) पत्रं वाढतात. पावसाने उखडलेले रस्ते, त्यात घाटातली खडी आणि गावागावातले उंच गतिरोधक, यांनी जून ते सप्टेंबर गाडीचा मागचा भाग पार झोडपलेला असतो. या वेळची पाच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात, मागची स्प्रिंग किती कडक हवी, म्हणून हा अंक तिलाच दिला आहे.

प्रश्न (फोंडा) : माझी हिमालयन ४११ आहे. माझं वजन ९६ किलो, हेल्मेट-जॅकेट-बूट धरून १०४. मागचा प्रीलोड (रिंग फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) शेवटपर्यंत आवळला आहे. सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजला : चाक हवेत असताना ६१२ मिमी, गाडी स्वतःच्या वजनावर ६०४, मी बसल्यावर ५५८. म्हणजे सॅग ५४ मिमी, मागच्या १८० मिमी ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली होण्याच्या एकूण अंतराच्या) बरोबर ३० टक्के. तरी अनमोड घाटातल्या खड्ड्यांत एकटा असतानाही मागून खाडकन आदळते. चोडणच्या फेरीबोटीवर चढता-उतरता रॅम्पवर तर हमखास. सॅग बरोबर आहे, मग चुकतंय काय?

उत्तर : तुम्ही तिन्ही मापं घेतलीत, हे फार चांगलं केलंत. पण वजाबाकी एकच केलीत. दुसरी करा : ६१२ वजा ६०४, म्हणजे ८ मिमी. गाडी स्वतःच्या वजनावर जेमतेम ८ मिमी बसते आहे, आणि दोष तिथेच आहे.

सॅग दोन असतात. रिकामी गाडी किती बसते तो एक, आणि स्वार बसल्यावर एकूण किती बसते तो दुसरा. रस्त्यावरच्या गाडीला दुसरा सॅग ट्रॅव्हलच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा, पहिला १० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या गाडीच्या हिशेबात ५४ आणि साधारण १६ ते १८. प्रीलोड आवळून ५४ हा आकडा कुठल्याही स्प्रिंगवर आणता येतो, अगदी चुकीच्या स्प्रिंगवरसुद्धा. रिकामा सॅग मात्र मग खरं सांगून टाकतो. स्वार बसल्यावरचा सॅग बरोबर आणि रिकामा फारच कमी, म्हणजे स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. रिकामा फार जास्त निघाला तर स्प्रिंग कडक. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून बरेच जण इथेच फसतात. कारण साधं आहे. मऊ स्प्रिंगने तुम्हाला तोलावं म्हणून तुम्ही ती आधीच इतकी दाबून ठेवली की एकट्या गाडीचं वजन तिला आणखी दाबूच शकत नाही.

गॅरेजमध्ये 'शॉकअप टाइट केला' म्हणतात तेव्हा फक्त प्रीलोडची रिंग फिरवलेली असते. त्याने स्प्रिंग कडक होत नाही. रेट म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, आणि तो तारेत व वेटोळ्यांत ठरलेला असतो. रिंग फिरवली की गाडीची उंची बदलते, रेट तोच राहतो.

आता तुम्हाला किती कडक स्प्रिंग हवी? यासाठी लिंकेजचं (शॉकअप आणि चाक जोडणाऱ्या सांध्यांचं) गणित नको, तुमची मापंच पुरतात. तुम्ही बसल्यामुळे गाडी ५४ वजा ८, म्हणजे ४६ मिमी खाली गेली. जायला हवी होती ५४ वजा १६, म्हणजे ३८. छेचाळीसला अडतीसने भागा : १.२१. स्प्रिंगचा रेट सुमारे २१ टक्क्यांनी वाढवायला हवा. समजा मूळ स्प्रिंग ८० न्यूटन प्रति मिमी निघाली, तर हवी ९७. सुट्या स्प्रिंगा बहुधा पाच-पाचच्या टप्प्यांत मिळतात, तेव्हा एकटे फिरत असाल तर ९५, दर शनिवार-रविवारी मागे कुणी असेल तर १००. महिन्यातले बहुतेक दिवस गाडीवर जेवढं वजन असतं, स्प्रिंग तेवढ्यासाठी निवडावी. उरलेल्या दिवसांसाठी प्रीलोडची रिंग आहेच.

दोन्ही स्प्रिंगांवर सॅग ५४ च येणार असेल तर आदळणं कसं थांबेल, हेही पाहा. तुमच्या १०४ किलोंपैकी मागच्या चाकावर साधारण ६४ किलो येतात असं धरू, म्हणजे ६३० न्यूटन. मऊ स्प्रिंगवर चाकापाशी ते ४६ मिमीत तोललं गेलं, म्हणजे मिमीला १३.७ न्यूटन. नव्या स्प्रिंगवर ३८ मिमीत, म्हणजे १६.६. फरक २.९ न्यूटनचा. तुम्ही बसल्यावर ट्रॅव्हल उरतो १२६ मिमी, आणि त्या प्रत्येक मिलिमीटरला हा फरक साठत जातो. अगदी तळाला पोचेपर्यंत ३६५ न्यूटन, म्हणजे सुमारे ३७ किलो जास्त जोर चाकाला अडवायला उभा असतो. फेरीच्या रॅम्पवर हेच ३७ किलो कमी पडत आहेत.

खरेदीपूर्वी मापं पुन्हा एकदा नीट घ्या. अंगणात नको, कारण आपली अंगणं पाणी वाहून जायला उताराची बांधलेली असतात. सपाट फरशी शोधा. मेन स्टँडवर चाक हवेत लटकत असताना एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या एखाद्या बोल्टवर खडूची खूण करा आणि तिन्ही वेळा तिथूनच मोजा. गाडी स्टँडवरून काढून एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने मागची बाजू दाबून हळूच सोडावी आणि माप घ्यावं. मग मागची बाजू उचलून हळूच खाली येऊ द्यावी आणि पुन्हा मोजावं. दोन्हींची सरासरी धरा. या दोन मापांत ५ मिमीहून जास्त फरक आला तर लिंकेजचे बेअरिंग सुकलेत किंवा गंजलेत. आधी ते धुऊन ग्रीस भरा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे निघतील. स्वारासह मोजताना पाय फूटरेस्टवर, अंगावर रोजचा सगळा सरंजाम आणि टाकीत नेहमीइतकं पेट्रोल.

दुकानदार वजन विचारून तक्ता काढतो तेव्हा त्याला एक प्रश्न विचारा : हे वजन कपड्यांसकट की उघडं? हेल्मेट, जॅकेट, बूट, पावसाळी सूट मिळून सात-आठ किलो सहज होतात, आणि तेवढ्याने तक्त्यातली ओळ बदलते.

स्प्रिंगचा रेट इतका वाढला की डॅम्पिंगही (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअपमधल्या तेलाचा रोध) थोडं वाढायला हवं. दाबलेली कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, आणि २१ टक्के रेटमागे डॅम्पिंग साधारण १० टक्के जास्त लागतं. तुमच्या शॉकअपला रिबाउंडचा (उसळी कमी-जास्त करण्याचा) स्क्रू नसेल तर नवी स्प्रिंग घालून एका मोठ्या गतिरोधकावरून ताशी २० किमीने जा. मागची बाजू वर येऊन एकदाच स्थिरावली तर ठीक. आणखी एक-दोन हेलकावे खाल्ले तर शॉकअप उघडून आतल्या शिम (पातळ चकत्या) आणि तेल बदलणाऱ्या माणसाकडेच द्यावा लागेल. गॅस भरलेला शॉकअप घरी मुळीच उघडू नका. आणि वेळ मिळेल तसे पुढचे फोर्कही तपासा. मागे कडक आणि पुढे मऊ अशी गाडी ब्रेक दाबताच नाक खुपसते.

प्रश्न (फर्मागुडी, विद्यार्थी) : जुन्या स्प्रिंगवरचा आकडा पुसला गेला आहे. एका दुकानात ५५० म्हणतात, दुसऱ्यात ९.८, तिसऱ्यात ९६. नेमकं समजायचं काय? रेट स्वतः काढता येतो का?

उत्तर : तिघेही एकच स्प्रिंग सांगत आहेत. ५५० हे पौंड प्रति इंच, ९.८ हे किलो प्रति मिमी, ९६ हे न्यूटन प्रति मिमी. किलोच्या आकड्याला ९.८१ ने गुणलं की न्यूटन, आणि ५६ ने गुणलं की पौंड. एकक न विचारता स्प्रिंग घेऊ नका, विशेषतः परदेशातून मागवताना.

रेट काढता येतो, व्हर्नियर मात्र चांगला हवा. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या आणि ७८,५०० ने गुणा (स्प्रिंगच्या पोलादाचा कर्तन गुणांक, न्यूटन प्रति चौरस मिमी). त्याला भागायचं ते ८ गुणिले वेटोळ्याच्या मध्यव्यासाचा घन गुणिले काम करणारी वेटोळी. मध्यव्यास म्हणजे बाहेरचा व्यास वजा तारेची जाडी. काम करणारी वेटोळी म्हणजे एकूण वेटोळ्यांतून दोन्ही टोकांची सपाट बसलेली एकेक वजा करून उरतील ती.

तार ११ मिमी, बाहेरचा व्यास ७६, म्हणजे मध्यव्यास ६५, एकूण आठ वेटोळी आणि कामाची सहा. हिशेब येतो ८७ न्यूटन प्रति मिमी.

आता चूक कुठे होते ते बघा. पावडर कोटिंगचा थर नुसता ०.१५ मिमीचा असला तरी दोन्ही बाजू मिळून तार ११.३ भरते. चौथ्या घातामुळे तेवढ्याने उत्तर ८७ ऐवजी ९७ येतं. दहाची चूक, म्हणजे विकत मिळणाऱ्या स्प्रिंगांतले दोन टप्पे. म्हणून रंग जिथे आधीच उडालेला असेल तिथे मोजा, आणि तशी जागा नसेल तर कोटिंगचा थर वजा करा. मोजण्यासाठी रंग खरवडू मात्र नका, उघड्या तारेला आपल्या हवेत लगेच गंज धरतो.

पडताळा घ्यायचा तर कार्यशाळेतल्या आर्बर प्रेसखाली वजनकाटा ठेवून त्यावर स्प्रिंग उभी करा. आधी ५ मिमी दाबून तो काटा वाचा, कारण टोकं नीट बसेपर्यंतचा आकडा भरवशाचा नसतो. तिथून आणखी १० मिमी दाबा. दोन वाचनांतला फरक ८९ किलोच्या आसपास आला तर स्प्रिंग ८७ चीच आहे. काट्याची कमाल १५० किलो असेल तर याच्यापुढे जाऊ नका. स्प्रिंग तिरकी झाली की निसटते, म्हणून दोन्ही टोकांना वाटीसारखी बैठक हवीच, आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत आणायचा नाही.

नवी स्प्रिंग घेताना रेटशिवाय आणखी एक हिशेब करा. समजा मोकळी लांबी १९०, प्रीलोड १२, शॉकअपचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दाबला जातो ते अंतर) ७५. पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगला उरतात १०३ मिमी. आठ वेटोळी गुणिले ११ म्हणजे ८८ मिमीला वेटोळी एकमेकांना चिकटतात. १५ मिमीची मोकळीक आहे, चालेल. ही मोकळीक शून्यावर आली तर खड्ड्यात स्प्रिंगऐवजी लोखंडाचा ठोकळाच बसवल्यासारखं होतं आणि जोर थेट चासीच्या वेल्डिंगवर जातो.

प्रश्न (मडगाव) : माझं वजन ४८ किलो, गाडी एक्सपल्स २००. मागचा प्रीलोड सर्वांत सैल आहे तरी लहान खड्ड्यांवर गाडी उडवते, आणि माझे पाय नीट टेकत नाहीत. रिकामा सॅग २० मिमी, मी बसल्यावर ४३. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंगचं एक वेटोळं कापूया, गाडी खालीही येईल आणि मऊही होईल. कापू का?

उत्तर : कृपा करून कापू देऊ नका. गाडी खाली येईल, पण स्प्रिंग कडक होईल. वरच्या उत्तरातल्या हिशेबात कामाची वेटोळी खाली, भागाकारात आहेत. ती घटली की रेट वाढतो. सातांतलं एक कापलं तर स्प्रिंग १७ टक्के कडक. स्प्रिंग तेवढीच दाबली तर तार जितकी लांब तितका तिचा प्रत्येक तुकडा कमी पिळवटतो, हे त्यामागचं कारण. शिवाय कारखान्यात घासून सपाट केलेलं टोक जातं, कापलेलं टोक बैठकीवर एकाच बिंदूवर टेकतं आणि स्प्रिंग वाकडी दाबली जाऊन शॉकअपचा दांडा आणि ऑईल सील झिजवते. ग्राइंडरच्या उष्णतेने तिथल्या तारेचं पाणीही (कडकपणा) उतरतं.

तुमची मापं स्प्रिंग कडक असल्याचंच सांगतात. मागचा ट्रॅव्हल १७० आहे, म्हणजे बसल्यावर ४८ ते ५१ हवेत, आणि प्रीलोड सैल करूनही ४३ च येतात, तर रिकामा सॅग मात्र हवा त्याहून जास्त. तुमच्यामुळे गाडी २३ मिमी बसते, बसायला हवी सुमारे ३०. तेवीस भागिले तीस म्हणजे ०.७७, स्प्रिंग पाऊणपट हवी. पण आधी ठरवा की मागे कुणी बसणार आहे का. कंपनी स्प्रिंग निवडते ती दोन माणसं आणि सामान धरून, त्यामुळे हलक्या एकट्या स्वाराला ती कडक वाटणं साहजिक आहे. पाऊणपट स्प्रिंगवर डबलसीट गेलात तर गाडी तळ गाठेल. कधीतरी तरी कुणी बसत असेल तर एकदम पाऊणपट नको, दहा टक्के मऊ स्प्रिंगवर थांबा.

पैसे खर्च करायच्या आधी टायरची हवा बघा. आपल्याकडे पंपावर सरसकट जास्त भरतात, आणि ४८ किलोच्या स्वाराला पाच-सहा पीएसआय जास्त म्हणजे प्रत्येक खडा कमरेत. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी दिलेला आकडाच, तोही टायर थंड असताना.

पाय टेकण्याचा प्रश्न स्प्रिंगने सोडवू नका. सीटचा फोम वरून नव्हे, दोन्ही कडांनी उतरता करून घ्या. मांड्या सरळ खाली येतात आणि २०-२५ मिमीचा फायदा होतो. गाडीची भूमिती जशीच्या तशी राहते.

प्रश्न (म्हापसा, मोटरसायकल टॅक्सी चालवणारा पायलट) : दिवसभर भाडी मारतो. कधी एकटा, कधी मागे शंभर किलोचा गिऱ्हाईक. मागे दोन शॉकअप, पाच खाचांचे. एकाने सांगितलं की वेटोळ्यांत रबराचे तुकडे घाल, आदळणार नाही. बरोबर आहे का?

उत्तर : रबराच्या तुकड्यांनी आदळणं थोडे दिवस थांबेल, पण स्प्रिंग मोडेल. रबर अडकलं तिथलं वेटोळं काम करेनासं होतं, बाकीच्यांवर भार वाढतो, आणि रबराखाली पाणी व लाल माती साचून नेमका तिथेच गंज धरतो. स्प्रिंग मोडते ती याच जागी, आणि भाडं मागे असताना.

प्रत्येक गिऱ्हाइकामागे खाच बदलणं शक्य नाही, हे खरं आहे. दिवसाचे बरेचसे फेरे मागे माणूस असतानाचे असतात, म्हणून तिसरी किंवा चौथी खाच कायमची ठेवा. एकट्याने जाताना थोडी कडक लागेल, ते सोसावं. दोन्ही बाजूंची खाच एकच हवी. डावीकडे तीन आणि उजवीकडे चार असेल तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) पिळवटतो आणि बुश एकाच बाजूने झिजतात. रिंग फिरवायला हुक पानाच वापरा, छिन्नी-हातोडीने खाचांच्या कडा मारल्या की पुढच्या वेळी रिंग अडकून बसते.

स्प्रिंगा बदलायच्याच झाल्या तर दुहेरी रेटच्या घ्या, ज्यात एका टोकाला वेटोळी जवळ-जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब-लांब असतात. एकटे असताना सगळी वेटोळी काम करतात. जड गिऱ्हाईक बसलं की जवळची वेटोळी मिटून जातात, उरलेल्यांवर रेट वाढतो. भाड्याच्या गाडीला यापेक्षा योग्य दुसरी नाही. जोडीनेच बदला. दोन्ही शॉकअपचा रेट मिळून चाकाला मिळतो, एक जुनी आणि एक नवी अशी मोट बांधू नका. मागे लाल डबी लावलेले 'गॅस' शॉकअप घेताना रेट विचारा. विकणाऱ्याला तो सांगता आला नाही तर त्या डबीचे पैसे देऊ नका.

आणि ऑक्टोबरात एकदा स्प्रिंगांची खालची पहिली दोन वेटोळी ब्रशने धुऊन बघा. किनाऱ्यालगत चालणाऱ्या गाडीवर मिठाचा थर तिथेच बसतो. रंग उडून टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले असतील तर त्यावर नुसता रंग मारून भागणार नाही, भेग तिथूनच सुरू होते. ती जोडी बदला.

प्रश्न (काणकोण, पावविक्रेता) : ॲक्टिव्हाच्या मागे पावाची टोपली बांधतो, भरून ४० किलो. शॉकअप तीन खाचांचा, शेवटच्या खाचेवर आहे. तरी मागे बसते आणि वळणावर पुढचं चाक हलकं लागतं. आणखी कडक स्प्रिंग मिळते, ती घालू का?

उत्तर : आधी टोपली पुढे सरकवा. तिचा मध्य मागच्या एक्सलच्या किती मागे पडतो ते टेपने मोजा. २० सेंमी असेल तर, ॲक्टिव्हाच्या दोन चाकांमधलं अंतर १२६ सेंमी धरून, मागच्या चाकावर ४० नव्हे, ४६ किलो येतात. जास्तीचे ६ किलो पुढच्या चाकावरून उचलले जातात. ओल्या वळणावर हँडल हलकं लागतं ते यामुळेच, आणि कडक स्प्रिंग ते सहा किलो पुढे परत आणत नाही. टोपलीची चौकट १० सेंमी पुढे घेतली तरी पुढचं चाक तीन किलोने जड होतं. सकाळच्या फेरीत दहा-बारा किलो पाव पिशवीत घालून पायापाशी फळीवर ठेवता आले तर आणखी चांगलं, हँडल वळताना पिशवीला अडत नाही एवढं मात्र बघा.

एवढं करून पुन्हा मोजा. भरल्या गाडीवर गतिरोधकावर खालचा रबर बंपर आदळतच असेल तरच कडक स्प्रिंग घ्या, तीही मूळच्या सव्वापट, त्याहून जास्त नको. पाव विकून परत येताना टोपली रिकामी असते, आणि फार कडक स्प्रिंगवर मागचं चाक खड्ड्याखड्ड्याला जमीन सोडतं. टोपलीची चौकट शॉकअपच्या वरच्या बोल्टवर टेकवलेली असेल तर ती तिथून काढून चासीवर घ्या. तो बोल्ट शॉकअपचा भार सोसण्यासाठी आहे, टोपलीचे हिसके झेलण्यासाठी नाही.